पाणी तोडल्याचा छत्तिसावा दिवस

खुरपं मातीत सहज गेलं आणि तिथंच माझं डोकं फिरलं. छत्तीस दिवस ज्या आळ्यात पाण्याचा थेंब पडलेला नाही, तिथली माती खुरप्याला विटेसारखी लागायला पाहिजे. पहिल्या दोन झाडांपाशी ती तशीच लागली. तिसऱ्या झाडापाशी वरची माती तशीच कोरडी, खुरपं मात्र चार बोटं आत गेलं, आणि बाहेर काढलं तर पात्याला माती चिकटलेली. मी ती चिमटीत धरली. गार होती. मे महिन्याची पंचवीस तारीख, सकाळचे साडेसहा, आदल्या दिवशी सोलापुरात पारा चव्वेचाळिसाच्या वर गेलेला, आणि माझ्या परसातल्या डाळिंबाच्या आळ्यात गार माती. मी चौथ्या झाडाकडे गेलो, भिंतीकडच्या. तिथं परत वीट. म्हणजे पाइप फुटला असेल, कुठून ओल आली असेल, असली काही पळवाट नव्हती. कुणीतरी नेमकं त्या एकाच झाडाला पाणी घालत होतं, माझ्या नकळत, आणि एकदा नाही, रोज. चार बोटं ओल एका दिवसात होत नाही.

ज्याला डाळिंब ठाऊक नाही त्याला वाटेल, यात एवढं काय? पाणीच घातलं ना, विष तर नाही. पण मृगाचा बहर धरायचा तर उन्हाळ्यात डाळिंबाचं पाणी तोडावंच लागतं. पाणी तुटलं की झाड पिवळं पडतं, पानं टाकतं, नुसता काट्यांचा सांगाडा उरतो. आता आपलं काही खरं नाही अशी त्याची समजूत होते. मग मृगाच्या तोंडावर भरपूर पाणी सोडलं की अंगात होतं नव्हतं ते सगळं काढून ते फुलतं. मधेच कुणी दया येऊन तांब्याभर ओतलं, की झाड पाल्यावर जातं आणि फूल विसरतं. म्हणजे महिनाभर उपाशी ठेवल्याचं पाप तेवढं पदरात, बाकी काही नाही. त्यामुळं या दिवसांत मी वळवाच्या ढगांकडेसुद्धा वाकड्या नजरेनं बघतो. सगळं सोलापूर पावसाची वाट बघत असतं आणि मी एकटा तो येऊ नये म्हणून बसलेला असतो. यंदा ढगांनी माझं ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं ते घरातल्याच कुणीतरी.

चौतीस वर्षं मी एस.टी.त काढली, शेवटची दहा सोलापूरच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. गाडी कधी लागली, कधी सुटली, किती उशीर झाला, हे माझ्या अंगात भिनलेलं आहे. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी माझा दिवस वेळापत्रकानंच चालतो. पाणी तोडलं ते वीस एप्रिलला. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर सारजा, म्हणजे माझी बायको, दुधाचे लिटर लिहिते, त्याच्याच शेजारी मी रोज एक फुली मारतो. पंचेचाळीस फुल्या झाल्या की पाणी. आमच्याकडे मंगळवेढ्याला वडील एवढेच दिवस धरायचे. ती माती वेगळी. काळीभोर, पुरुषभर खोल, दिवाळीनंतर पाऊस नाही की पाणी नाही, तरी नुसत्या पोटातल्या ओलीवर ज्वारी उभी करणारी. विजापूर रोडच्या आत हे घर बांधलं तेव्हा मी हट्टानं मंगळवेढ्याहून दोन ट्रॉल्या काळी माती आणून परसात पसरली. शेजारच्या लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलंय. पण त्या मातीत पाय ठेवला की मला बरं वाटायचं. खाली काय आहे याचा विचार मी कधी केला नाही.

त्या सकाळी परसात कामं कमी नव्हती. दोडक्याचा वेल वाळून मांडवावर खडखडत होता, तो उतरवायचा होता. बियांचे दोडके राखेत घालून ठेवायचे होते. मेथीचा वाफा खणून ढेकळं उन्हात तापायला टाकायची होती, म्हणजे आतली कीड मरते. लिंबाच्या खोडाला चुना लावायचा होता. गवार तेवढी त्या उन्हात मजेत होती, तिला पाण्याचं कौतुक नाही. मी एकेक काम हातात घ्यायचो आणि अर्धं टाकून तिसऱ्या झाडापाशी येऊन उभा राहायचो. वेल उतरवताना तो असा ओढला की मांडवाचा बांबूच खाली आला. हात धुतले तरी बोटांना त्या ओल्या मातीचा वास येत होता, आणि मी तो पुन्हापुन्हा हुंगत होतो. चांगला वास होता, हेच तर अवघड होतं. सारजा दारात येऊन म्हणाली, "अवो, काय शोधताय सकाळपासनं? च्या गार झाला की." मी म्हणालो, "काय न्हाय." ती म्हणाली, "मग काय न्हाय ते च्या पिऊन शोधा," आणि आत गेली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पस्तीस वर्षांत तिच्या चेहऱ्यावर तिला दाखवायचं नसलेलं मला कधीच दिसलेलं नाही.

संशयाला जागा लागते म्हणून मी आधी भिंतीपलीकडे बघितलं. इमामबी गच्चीवर मिरच्या पसरत होती. पंचवीस वर्षांपासूनची शेजारीण. तिचा नवरा हुसेनसाब माझा बुद्धिबळातला भिडू होता, तो गेल्यापासून मी पट उघडलेला नाही. मी खालून ओरडलो, "भाभी, तुमच्या मोरीचं पाणी इकडं येतंय का?" ती कठड्यापाशी आली. "अय्यो भाऊ, पाच दिन में एक बार नळ आता. हमारे कू पीने कू पूरा नै पडता, तुमारे झाडां कू कां से देऊं?" मग माझ्या चार सांगाड्यांकडे बघून तिनं विचारलं, "इनकू ऐसा सुका के क्या मिलता जी तुमकू?" मी म्हणालो, "फळ मिळतं, भाभी. नंबर एक." ती हसली आणि म्हणाली, "किसकू?" एवढं बोलून ती परत मिरच्यांकडे वळली. तिनं सहज विचारलं असेल.

कुणाला मिळतं? मला साखर आहे. सारजाला डाळिंब सोलायचा कंटाळा. झाडं लावली ती वैष्णवीसाठी, आमची एकुलती एक मुलगी, तिला लहानपणी दाणे सोलून वाटीत दिले की ती ते एकेक करून अर्धा तास खायची. मोठी झाली, शेतकीची पदवी घेतली, परीक्षा दिली, कृषी सहायक झाली आणि तिला दुधनीला नेमणूक मिळाली. त्या दिवशी मी स्टँडवर पेढे वाटले. वाटले म्हणजे अक्कलकोट, सोलापूर, पंढरपूर, तिन्ही आगारांच्या लोकांना वाटले. तिला मात्र मी काय म्हणालो ते मला नीट आठवतं. "आता तरी टिकव म्हणजे झालं." तोंडावर कौतुक केलं की पोर वाया जातं, असं आमच्याकडे मानतात. कौतुक पाठीमागं करायचं. मी पाठीमागं इतकं केलं की स्टँडवरचे हमालसुद्धा "मॅडम काय म्हणतात" म्हणून विचारायचे. ते तिच्यापर्यंत कधी पोचलं की नाही, कोण जाणे.

गेल्या बहराची फळं मार्गशीर्षात आली. एकेक फळ पावशेराच्या वर. मी त्यातली निवडक वीस एका पिशवीत भरली आणि अक्कलकोट आगाराचा कंडक्टर गुरुशांत याच्याकडे दिली, दुधनीला मॅडमच्या हातात दे म्हणून. संध्याकाळी मी चहाला स्टँडवर गेलो तर पिशवी परत आलेली. गुरुशांत खाली बघत म्हणाला, "साहेब, मॅडमनी नोकरी सोडली म्हणं की. दोन महिने झाले. करकंबाला कुटं तरी रोपवाटिका काढलीया म्हणं. तुमाला ठाव आसंल." भोवती चार ड्रायव्हर उभे होते. मी म्हणालो, "व्हय व्हय, ठाव हाय. इसरलो बघ." आणि ती वीस फळं घेऊन घरी आलो. वाटेत पिशवीचा बंद बोटात रुतत होता, तरी हात बदलला नाही. सारजाला सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी वैष्णवी स्वतः आली, समोर बसली, म्हणाली, "आप्पा, आधी सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचं बंद केलं असतं." मी उठून परसात गेलो. तेव्हापासून सहा महिने झाले, मी तिच्याशी बोललेलो नाही. म्हणजे तिचं म्हणणं खरं ठरलं, आणि त्याचाही मला रागच आला.

खोटं कशाला बोलू, नोकरी सोडल्याचं दुःख महिन्याभरात ओसरलं होतं. कलमं बांधणं काही वाईट काम नाही, तिच्या हाताला गुण आहे हे मला तिच्या आधी ठाऊक होतं. सलत होतं ते एवढंच, की आईला सांगितलं आणि मला नाही. रोज सकाळी वाटायचं, आज ती फोन करून 'आप्पांना दे' म्हणेल. ती फोन करायची तो आईला. मग मी ठरवलं की तिनं आधी बोलावं. एकदा ठरवलं की ते मोडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलंच नाही. पाडव्याला ती आली होती. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो. ती परसात गेली, वाकून दोन बोटं मातीत घातली आणि आईला म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "आई, आप्पांना सांग, यंदा पाणी तोडायचं तर तीन आठवड्यांच्या वर नको. ही काळी माती वीतभरच आहे. खाली सगळा मुरूम आहे, बांधकामाचा भराव. यात ओल राहत नाही." मी पेपरातून वर बघितलं नाही. खरं सांगायचं तर तोवर माझ्या मनात पस्तीस दिवस होते. परस मंगळवेढ्याचं रान नाही एवढं मलाही कळत होतं. पण तिनं तीन आठवडे म्हटल्याबरोबर मी पंचेचाळीस ठरवून टाकले. कालची पोर मला माती शिकवणार.

वडिलांनी माझ्याशी दीड वर्ष बोलणं सोडलं होतं. कुणब्याच्या पोरानं रान टाकून एस.टी.च्या खिडकीत बसायचं, हे त्यांना पटलं नाही. त्या दीड वर्षात माझं लग्न झालं, ते मांडवात फेटा बांधून उभे होते, अक्षता टाकल्या, पण एक शब्द नाही. मग एके दिवशी मी सोलापूरच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलो होतो, आणि मंगळवेढ्याच्या गाडीतून ते उतरले. धोतर, पटका, हातात काठी. रांगेत उभे राहिले. चार माणसांच्या मागं. त्यांचा नंबर आला तेव्हा परक्या माणसाला विचारावं तसं म्हणाले, "मंगळवेढ्याची परतीची गाडी किती वाजता?" मी म्हणालो, "सव्वा चार." ते म्हणाले, "बरं," आणि जाऊन बाकावर बसले. त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेल, चहाच्या टपरीवर, लग्नांत, वैष्णवीला तर लहानपणी झोपताना. लोक खूप हसतात. मीही हसतो. म्हातारा कसा कडक होता, आणि त्यामुळंच मी कसा घडलो, असा त्या गोष्टीचा सूर असतो. शेवट मी कुणालाच सांगत नाही. ते बाकाकडे गेल्यावर मी खिडकीची फळी लावली, भिंतीकडे तोंड केलं आणि रडलो. बाहेर लोक फळी बडवत होते. ते दीड वर्ष मला कुणी परत दिलं नाही, आणि त्यानं मी घडलो की नुसता वाळलो, हे मी कधी तपासून बघितलं नाही.

जेवण झालं. मी रोज दुपारी एकला निघतो आणि स्टँडवर जुन्या लोकांत बसून पाचला परत येतो. घरात पंखा फिरतो तो गरमच हवा फिरवतो, त्यापेक्षा स्टँडवरचं छत बरं. त्या दिवशीही मी टोपी घालून निघालो. कोपऱ्यावर रिक्षासाठी उभा राहिलो. डांबर पायाखाली मऊ लागत होतं. समोरच्या कडुलिंबाखाली एक कुत्रं जीभ काढून पडलं होतं, त्यानं मला बघितलं आणि पुन्हा डोळे मिटले. एक रिक्षा थांबली, मी हातानंच नको म्हणालो. बोटांना अजून तो वास होता की मला तसं वाटत होतं, कुणास ठाऊक. मनात आलं, चोर हा घरमालक बाहेर गेल्यावरच येतो. आणि लगेच मनात आलं, आपल्याला चोर कोण ते सकाळीच कळलं होतं, उगाच आपण इमामबीला विचारत बसलो. कळलेलं असूनही माणूस न कळल्याचं सोंग किती वेळ करू शकतो, हे मी त्या कोपऱ्यावर मोजत उभा होतो. मग मी घराकडे वळलो, पण पुढच्या दारानं नाही. मागच्या बोळातून परसाचं पत्र्याचं दार आहे, त्याच्या फटीला जाऊन उभा राहिलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, स्वतःच्या घराच्या दाराला डोळा लावून.

सारजा तिसऱ्या झाडापाशी उभी होती. एका हातात पातेलं, तांदूळ धुतलेलं पांढुरकं पाणी. फोन भिंतीवर ठेवलेला. तिला फोन कानाला लावून काम करता येत नाही, म्हणून ती नेहमी तो मोठ्यानं लावते. आमच्या घरातलं सगळं गल्लीला ठाऊक असतं ते त्यामुळं.

"खोडाजवळ नको आई, आळ्याच्या कडेनं," फोनमधून वैष्णवीचा आवाज आला. "बाकीच्या तिघांना पण घाल की."

"त्यांच्या ध्यानात येईल. रोज सकाळी येऊन बघत्यात. एकालाच घालते, मोरीजवळ हाय म्हणून. कुणी इचारलं तर पातेलं कलंडलं म्हणता येतं."

"अगं पण छत्तीस दिवस झाले. त्या मुरमात मुळं भाजून निघाली असतील. भिंतीकडच्याला तर भिंतीची धग. ते सगळ्यात चांगलं झाड आहे आई. आप्पांना सांग."

"तू सांग की."

"माझ्याशी बोलतात का ते?"

"माज्याशी तरी कुटं बोलत्यात? सकाळपासनं झाडाभवती फिरत्यात, त्येच्याशीबी न्हाईत बोलत."

वैष्णवी हसली. सहा महिन्यांनी मी तिचं हसणं ऐकलं. ती हसताना आधी जरा श्वास आत ओढते, लहानपणापासून. हातानं पत्र्याचं दार कधी ढकललं ते माझं मलाच कळलं नाही. दार करकरलं आणि सारजानं वळून बघितलं. ती दचकली नाही. राहिलेलं पाणी तिनं आळ्याच्या कडेनं सावकाश ओतलं, शेवटचा थेंब निथळेपर्यंत, आणि पातेलं कमरेवर धरलं.

"किती दिस झाले?" मी विचारलं.

"तेरा-चौदा. तांदळाचं पाणी तेवढं. तुमच्या टाकीला हात लावला न्हाय."

"बहर गेला त्या झाडाचा."

"जाऊ द्या गेला तर. झाड हाय की." मग तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मी तुमच्या घरात आले तवा एकोणीस वर्साची हुते. तुमी आन् मामंजी एका सोप्यात बसायचा, चार हातांवर. 'त्याला सांग भाकर खाऊन जा.' 'त्यांना सांग मी निघालो.' मी मदी. मला वाटायचं, ह्या घरची रीतच आसंल, नव्या सुनंला द्येत्यात हे काम. आता पुन्यांदा तेच. आप्पांना सांग, वैष्णवीला सांग. सुनंचं काम म्हातारपणी न्हाय जमत मला. ती हाय फोनवर. बोलायचं तर बोला, न्हायतर लाल बटन दाबा. आपोआप बंद हुतं." आणि ती आत गेली, पाठीमागं दार ओढून घेतलं.

फोन भिंतीवर तसाच होता. त्यावर सेकंद पळत होते. अकरा मिनिटं चाळीस. एकेचाळीस. तिकडून बायकांचं बोलणं, पिशव्यांत माती भरल्याचा सरसर आवाज, कुठंतरी फवारा चालू असल्यासारखं काहीतरी. "आई?" वैष्णवी म्हणाली. थोड्या वेळानं, अगदी हळू, "आप्पा?" मी बोललो नाही. मी लाल बटणही दाबलं नाही. ते दाबायला मी दोनदा हात उचलला होता, हे मात्र सांगतो.

झाड जिवंत आहे का हे बघायची एक सोपी रीत आहे. फांदीची साल नखानं जरा खरवडायची. आत हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर नाही. शेंबड्या पोरालाही येतं. छत्तीस दिवसांत मी ते एकदाही केलं नव्हतं. फुल्या मारल्या, दिवस मोजले, ढगांकडे बघितलं, पण साल खरवडली नाही. कारण मला भीती वाटत होती. पंधरा दिवसांपूर्वीच वाटायला लागली होती, पहिल्या झाडाची शेंड्याची काडी हातात कटकन मोडली तेव्हा. पण थांबलो असतो तर तिचे तीन आठवडे खरे ठरले असते.

मी पहिल्या झाडापाशी गेलो. शेंड्याला तपकिरी. खाली आलो, दुबेळक्यापाशी, जिथं दोन फांद्या फुटतात. हिरवं. फिकट, पण हिरवं. दुसरं झाड. वर तपकिरी, मधे तपकिरी, जमिनीपासून वीतभरावर नख लावलं तेव्हा कुठं ओली हिरवी रेघ दिसली, आणि माझ्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. फोनमधली सरसर थांबली होती. ती फोन घेऊन बाजूला जाऊन उभी राहिली असावी. तिसऱ्याला नख लावायची गरज नव्हती, त्याच्या बुडाशी दोन लालसर कोंब आलेलेच होते, मी ते सकाळी रागाच्या भरात बघितलेच नव्हते. चौथं झाड, भिंतीकडचं. त्या पिशवीतली वीसच्या वीस फळं त्याचीच होती. वर, मधे, खाली. मी गुडघ्यावर बसलो. खुरप्यानं बुडाची माती उकरली. वीतभर काळी, मग पांढरट मुरूम, त्यात विटांचे तुकडे, एक गंजका खिळा. मुळाची साल खरवडली. तपकिरी. दुसरं मूळ. तपकिरी. हातातून ते वाळलेल्या दोरीसारखं तुटून आलं. ऊन मानेवर होतं. मला कुणीतरी काहीतरी विचारावं असं वाटत होतं, काहीही, म्हणजे उत्तर देता आलं असतं. पण रांगेत मीच उभा होतो, खिडकीत ती होती.

मी फोनजवळ गेलो. सतरा मिनिटं वीस सेकंद.

"पाणी किती द्यायचं?" मी विचारलं.

वैष्णवी बोलली, रोपं न्यायला आलेल्या माणसाशी बोलावं तसं, सावकाश. "चारी हिरवी आहेत का?"

"तीन. एक गेलं."

"कुठलं?"

"भिंतीकडचं."

मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगितलं होतं. म्हणायचा तिला हक्क होता आणि मी ते ऐकायला तयार होतो, मान खाली घालून. पण ती म्हणाली, "तीन आहेत ना. एकदम पाणी देऊ नका आप्पा. टाकी मोकळी कराल. मुळं एवढी वाळल्यावर भरपूर पाणी झेपत नाही, कुजतात. बहराचं यंदा विसरा. आधी जगू द्या."

"विसरलो. किती देऊ?"

"आज एकेक तांब्या. सावली पडल्यावर. वर उसाचं पाचट पसरा, नसेल तर तो दोडक्याचा वाळका वेल टाका."

"आन् उद्या?"

"उद्या फोन करा. सांगते."

परवाचं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, मी ते गिळलं. परवाचं उद्या विचारता येईल. भिंतीपलीकडे इमामबीच्या मिरच्यांची धांस येत होती, डोळ्यांना पाणी यायला तेवढं कारण पुरेसं होतं.

"किती वाजता करू?" मी विचारलं. सवयीनं विचारलं, दुसरं काही नाही.

तिनं आधी जरा श्वास आत ओढला.

"सव्वा चार," ती म्हणाली.

फोन बंद झाला. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, बराच वेळ. स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि सारजानं विचारलं, "झालं का बोलून?"

"व्हय," मी म्हणालो. "तांब्या दे."